धुराडे आणि वाळू

पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आले, की एकावर एक तीन मडकी रचण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत होती. वरच्या मडक्यात नदीचे पाणी, मधल्यात वाळू आणि कोळसा, आणि तळच्या मडक्यात थेंबाथेंबाने साठणारे निवळ पाणी. हीच युक्ती जेम्स सिम्प्सन या अभियंत्याने १८२९ साली लंडनच्या चेल्सी जलपुरवठा कंपनीसाठी एकरभर जागेत वाळूचा थर पसरून मोठ्या प्रमाणावर अमलात आणली, आणि पुढे अनेक देशांतील शहरांनी ती उचलली. वाळूने पाणी गाळावे यात आज कोणाला नवल वाटत नाही. परंतु वाळूने हवा गाळावी, धुराड्यावाटे आकाशात जाणारा वायू आधी वाळूच्या जाड थरातून काढावा, हे ऐकताच मनुष्य क्षणभर थबकतो. या कल्पनेला मोठ्या प्रमाणावर मूर्त स्वरूप येण्यास १९४८ साल उजाडावे लागले. वाळू तर सृष्टीच्या आरंभापासून आहे. मग एवढा विलंब का लागला, हा प्रश्न मला वाळूच्या गुणधर्मांइतकाच विचार करण्याजोगा वाटतो.

हवेत धूळ असते ही गोष्ट कवडशात नाचणारे कण पाहून लहान मुलालाही कळते. त्या कवडशाचे शास्त्र केले ते जॉन टिंडल यांनी. १८७० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी प्रकाशाचा झोत अंधाऱ्या खोलीत सोडून दाखवून दिले, की स्वच्छ म्हणून आपण जी हवा छातीत भरून घेतो ती कणांनी खच्चून भरलेली असते, आणि हीच हवा कापसाच्या बोळ्यातून ओढून घेतली तर झोताची वाट काळीभोर होते. त्यांच्याही आधी, १८५४ मध्ये, जॉन स्टेनहाउस या रसायनज्ञाने लाकडी कोळशाचे दाणे भरलेला मुखवटा तयार केला होता. दाण्यांच्या थरातून हवा शुद्ध करून घेण्याचा तो एक आरंभच म्हणावयास हवा, जरी त्याचा रोख धुळीपेक्षा दुर्गंधी वायूंवर होता. म्हणजे कल्पनेची उणीव नव्हती. उणीव होती ती निकडीची.

निकड कोणाला भासते, यावर कारखानदारीच्या इतिहासात पुष्कळ काही अवलंबून राहिलेले आहे. गंधकाम्लाचे उदाहरण पाहा. गंधकाचा जळका वायू आणि हवा तापलेल्या प्लॅटिनमवरून नेली, की त्यापासून पुढे गंधकाम्ल करता येते, हे ब्रिस्टॉलच्या पेरेग्रिन फिलिप्स नावाच्या शिरक्याच्या व्यापाऱ्याने १८३१ सालीच ओळखून त्याचे पेटंट घेतले होते. पण खनिज भाजून निघणाऱ्या वायूबरोबर धूळ आणि सोमलाचा अंश येई, त्याने प्लॅटिनम निकामी होई, आणि सारा खटाटोप फुकट जाई. ही अडचण निवारून कारखाना चालवून दाखवण्याचे श्रेय प्रामुख्याने जर्मनीतील रुडोल्फ क्नीच यांना जाते. १९०१ मध्ये त्यांनी आपली पद्धत शास्त्रज्ञांपुढे मांडली. तिचे रहस्य भट्टीत नव्हते, वायू धुऊन-गाळून निर्मळ करण्यात होते. त्या धंद्यात पुढे आम्लाचे तुषार अडवण्यासाठी कोकच्या तुकड्यांनी भरलेल्या पेट्याही वापरात आल्या. धुळीने मालकाचे प्लॅटिनम बिघडत होते, म्हणून धुळीचा बंदोबस्त झाला. जी धूळ शेजारच्या शेतावर पडत होती आणि मजुरांच्या छातीत जात होती, तिच्यासाठी मात्र एकच उपाय सर्वत्र मान्य होता, तो म्हणजे धुराडे अधिक उंच बांधणे.

उंच धुराड्याचे तत्त्वज्ञान असे, की घाण इतकी विरळ करावी की ती कोणाच्याच नजरेस येऊ नये. हे तत्त्वज्ञान जेथे सर्वस्वी कोसळले ते स्थळ म्हणजे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड.

कोलंबिया नदीच्या काठचा हा उजाड, वाऱ्याने झोडपलेला प्रदेश १९४३ साली अणुबाँबसाठी लागणारे प्लुटोनियम तयार करण्याकरिता निवडण्यात आला. हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स ही गावे उठवण्यात आली. नदीकाठच्या वानापम या मूळ रहिवाशांनाही आपली जागा सोडावी लागली. ड्यूपाँट कंपनीने बांधणी इतक्या झपाट्याने केली, की सप्टेंबर १९४४ मध्ये पहिली मोठी अणुभट्टी चालू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर भट्टीतून निघालेल्या युरेनियमच्या कांड्या विरघळवून प्लुटोनियम वेगळे काढण्याचे काम सुरू झाले. हे काम ज्या इमारतींत चाले त्या सुमारे ८०० फूट लांबीच्या, खिडक्या नसलेल्या काँक्रीटच्या राक्षसी पेट्या होत्या. कामगार त्यांना एका प्रसिद्ध आगबोटीवरून ‘क्वीन मेरी’ म्हणत. कांड्या नत्राम्लात विरघळताना निघणारे वायू आणि इमारतीतील दूषित हवा २०० फूट उंचीच्या धुराड्यातून बाहेर सोडली जाई. वाऱ्याचा अभ्यास करण्यासाठी हवामानशास्त्रज्ञ नेमलेले होते, आणि वारा अनुकूल असेल तेव्हा कांड्या विरघळवाव्यात असा प्रयत्न असे. धुराड्याच्या पायथ्याशी गाळणी मात्र नव्हती. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर जो बाँब पडला त्यातील प्लुटोनियम येथलेच. युद्धाच्या घाईत गाळणीचा विचार मागे पडला, असे म्हणून या पहिल्या काही महिन्यांचा उलगडा कदाचित करता येईल. पुढील दोन वर्षांचा तसा करता येत नाही.

१९४७ च्या शरद ऋतूत धुराड्यांच्या आसपासच्या जमिनीवर काही ठिपके सापडू लागले. ठिपके म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे किंवा न दिसणारेही कण. पण किरणमापक यंत्र जवळ नेले की ते खडखडू लागे. आरोग्यरक्षणाचे खाते तेव्हा हर्बर्ट पार्कर या मूळच्या इंग्रज पदार्थवैज्ञानिकाकडे होते. हवा वाहून नेणाऱ्या व्यवस्थेतील लोखंड आम्लाच्या वाफांनी गंजत होते, आणि त्या गंजाच्या खपल्या किरणोत्सर्गी द्रव्यांनी माखून वाऱ्याबरोबर बाहेर पडत होत्या, असे चौकशीत निष्पन्न झाले. म्हणजे धुराड्यात धूळ बाहेरून आलेली नव्हती. धुराड्याच्या वाटेवरची यंत्रसामग्रीच झिजून धूळ होत होती.

येथे विरळ करण्याचे तत्त्वज्ञान उघडे पडले. वायू हवेत मिसळतो आणि पातळ होत जातो. कण पातळ होत नाही. तो एकतर तुमच्या श्वासात येतो किंवा येत नाही, आणि आला तर आपला सगळा किरणोत्सर्ग घेऊन फुप्फुसाच्या एकाच जागी ठाण मांडून बसतो. आम्हा शासकीय नोकरांना सरासरीचा मोह फार. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान ठीक असले म्हणजे अहवाल ठीक होतो. एखादा तालुका कोरडा राहिला तर त्याची नोंद परिशिष्टात जाते. हॅनफर्डच्या जमिनीवरील ठिपक्यांनी शास्त्रज्ञांना नेमके हेच परिशिष्ट वाचावयास लावले.

उपाय काय करावा? कापडी पिशव्या आम्लाने कुजल्या असत्या. त्या काळी मिळणाऱ्या कागदी गाळण्या पेट घेऊ शकत, ओल्या झाल्या की फाटत, आणि मुख्य म्हणजे ठराविक काळाने बदलाव्या लागत. आणि किरणोत्सर्गाने भरलेली गाळणी हाताने कोण बदलणार? विजेच्या भाराने धूळ ओढून घेण्याची फ्रेडरिक कॉट्रेल यांची पद्धत १९०७ पासून माहीत होती, परंतु तिलाही सततची निगा लागते. जी एकदा बांधली की तिच्याकडे कोणाला फिरकावेच लागू नये अशी गाळणी हवी होती. धुळीच्या विषयातील जाणकार म्हणून ओळखले जाणारे चार्ल्स लॅपल यांनी १९४८ साली या धुराड्यांच्या दूषिततेचा अभ्यास करून अहवाल दिला, आणि त्याच वर्षी दोन्ही कारखान्यांच्या धुराड्यांआधी वाळूच्या प्रचंड गाळण्या बांधण्यात आल्या. अणुयुगाच्या अत्यंत अवघड प्रश्नाला उत्तर सापडले ते आजीच्या मधल्या मडक्यात.

मात्र मडक्यात पाणी वरून खाली येते; येथे हवा खालून वर जाते. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर बारीक खडी, मग जाड वाळू, मग बारीक वाळू, असे थर रचलेले असतात, आणि प्रत्येक थरातील दाणा खालच्या थरातील दाण्याच्या साधारण निम्मा असतो. सर्वांत वर पुन्हा थोडी जाड वाळू घालतात, नाहीतर खालून येणाऱ्या हवेने बारीक वाळू उकळत्या पेजेसारखी खदखदू लागेल. एकंदर थर कित्येक फूट जाडीचा असतो. जाड धूळ खालच्या खडीतच अडकते आणि बारीक धूळ वर वाळूत अडकते, त्यामुळे गाळणी लवकर तुंबत नाही.

आता एक शंका कोणालाही येईल. वाळूच्या दोन दाण्यांमधली फट धुळीच्या कणाच्या मानाने राजदरवाजाएवढी. मग कण अडतो कसा? चाळणीच्या तत्त्वावर तो अडत नाहीच. पीठ वस्त्रगाळ करताना छिद्रापेक्षा मोठा कण वर राहतो. वाळूत तसे घडत नाही. हवेची वाट दाण्यांना वळसे घालत जाते. जाड कण, वळणावर गाडीतून पेंढी बाहेर पडावी तसा, हवेबरोबर वळू शकत नाही आणि दाण्यावर आदळून चिकटतो, किंवा आपल्या वजनाने खाली बसतो. अत्यंत सूक्ष्म कणांचे याच्या उलट असते. हवेचे रेणू त्यांना सारखे धक्के देत असल्यामुळे ते झिंगलेल्या माणसासारखे इकडेतिकडे भरकटतात आणि कोठेतरी दाण्याला टेकतात. या भरकटण्याचे गणित आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले होते. सर्वांत निसटता कण मधल्या आकाराचा, आदळण्याइतका जड नाही आणि भरकटण्याइतका हलकाही नाही. दुसऱ्या महायुद्धात धुरापासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांचा विचार करताना अर्व्हिंग लँगम्यूर यांनी हे ओळखले, आणि असा कण सुमारे ०.३ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही तिसऱ्या हिश्शाएवढा असतो असे अनुमान काढले. तेव्हापासून गाळणीची परीक्षा या मधल्या कणावर होऊ लागली.

यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा, की घाई करता कामा नये. हवा वाळूतून मुंगीच्या चालीने, मिनिटाला सुमारे ५ फूट, अशीच गेली पाहिजे. मिनिटाला २५,००० घनफूट हवा गाळावयाची तर ५,००० चौरस फूट क्षेत्र वाळूने व्यापावे लागते, म्हणजे एक भलेमोठे सभागृहच. शिवाय वाळूचा अडथळा भेदून हवा ओढून घेणारे पंखे रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात. जागा आणि वीज या दोन्ही बाबतींत ही गाळणी उधळी आहे. पण ती शेकडा ९९ हून अधिक धूळ अडवते, जळत नाही, आम्लाला भीत नाही, एखादा स्फोट झाला तरी आपल्या वजनाने तो सोसते, आणि वर्षानुवर्षे काही मागत नाही.

वाळूच्या गाळणीने हॅनफर्डच्या ठिपक्यांचा प्रश्न पुष्कळसा हलका केला; सुटला असे मात्र म्हणता येत नाही. वाळू कण अडवते, वायू अडवत नाही. धुराड्यातून जाणारे सर्वांत घातक द्रव्य किरणोत्सर्गी आयोडीन हे वायुरूप होते. ते गवतावर बसे, गवत गाईच्या पोटात जाई, दूध मुलांच्या पोटात, आणि तेथून ते गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठे. हे आयोडीन ८ दिवसांत निम्मे होते, म्हणून कांड्या विरघळवण्यापूर्वी अधिक दिवस थांबणे हाच मोठा उपाय ठरला, आणि १९५० च्या सुमारास चांदीचा क्षार चढवलेल्या चिनीमातीच्या तुकड्यांचे थर वायूच्या वाटेवर बसवण्यात आले. तेही एका अर्थाने दाण्यांचेच थर. फक्त येथे पकड रसायनाची. परंतु डिसेंबर १९४९ मध्ये याच ठिकाणी जाणूनबुजून केवळ १६ दिवस थांबवलेल्या कांड्या विरघळवून हजारो क्यूरी आयोडीन हवेत सोडण्यात आले. रशियाने नुकताच अणुस्फोट केला होता, आणि तेथील कारखान्यांचा माग हवेतून कसा काढता येईल हे अजमावण्याचा तो प्रयोग होता. वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्या शेतकऱ्यांना त्याची वार्ताही नव्हती.

याहून चमत्कारिक प्रकार रूथेनियम या धातूचा. १९५२ साली सुरू झालेल्या रेडॉक्स नावाच्या नव्या कारखान्यात रूथेनियम वाफेच्या रूपाने वाळूतून सरळ पलीकडे जाई, धुराड्याच्या भिंतीवर थंड होऊन बसे, आणि मग खपल्यांच्या रूपाने पुन्हा धूळ होऊन बाहेर पडे. गाळणी आपल्या जागी निर्दोष होती. धूळ तिच्या पुढे जन्म घेत होती. १९५४ पर्यंत या खपल्यांनी हॅनफर्डच्या लोकांना पुरते हैराण केले.

अमेरिकेतील या कणांच्या वार्तेचा एक परिणाम इंग्लंडमध्ये झाला. विंडस्केल येथे दोन अणुभट्ट्यांची ४०० फुटी धुराडी बांधली जात असताना सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी त्यांवर गाळण्या बसवण्याचा आग्रह धरला. धुराडी अर्धी उभी राहिलेली, त्यामुळे गाळण्या शेंड्यावर बसवाव्या लागल्या. खर्च वाढला, काम लांबले, आणि लोक त्या बोजड टोपांना ‘कॉकक्रॉफ्टचा वेडेपणा’ म्हणू लागले. कार्यालयीन टिपणीत ‘अनावश्यक वाढीव खर्च’ असा जो शेरा मारण्याची पद्धत आहे, त्याचेच हे इंग्रजी रूप म्हणावे. १० ऑक्टोबर १९५७ रोजी एका भट्टीत भीषण आग असल्याचे उघडकीस आले. त्या गाळण्या काचतंतूंच्या होत्या, वाळूच्या नव्हत्या. पण कणांचा मोठा भाग त्यांनी शेंड्यावरच रोखला. आयोडीन मात्र तेथेही निसटले, आणि सुमारे २०० चौरस मैलांतील दूध ओतून द्यावे लागले. तरी फरक हा, की इंग्लंडमधील लोकांना काही दिवसांतच दुधाविषयी सांगण्यात आले. हॅनफर्डच्या शेजाऱ्यांना १९८६ च्या फेब्रुवारीपर्यंत थांबावे लागले. तेव्हा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने सुमारे १९,००० पानांची कागदपत्रे लोकांसमोर ठेवली, आणि धुराड्यातून काय गेले होते याचा हिशेब प्रथमच बाहेर आला. थायरॉइडच्या विकारांविषयी झालेल्या मोठ्या पाहणीने २००२ मध्ये, आयोडीनच्या मात्रेबरोबर विकार वाढल्याचे दिसून आले नाही, असा निष्कर्ष दिला. तो तेथील अनेक कुटुंबांना मान्य झाला नाही. चाळीस वर्षे ज्यांच्यापासून गोष्ट लपवली, त्यांनी शेवटच्या आकड्यावर चटकन विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच मला थोडी अवाजवी वाटते.

अणुकारखान्यांबाहेर वाळूला दुसरे काम सुचवले ते आर्थर स्क्वायर्स यांनी. युद्धकाळी ते स्वतः अणुप्रकल्पात काम केलेले अभियंता होते. कोळशाच्या वायूतील राख तो वायू तापलेला असतानाच काढता आली तर त्यावर चक्की फिरवून वीज करता येईल, आणि तापलेल्या वायूपुढे कापड टिकत नाही, वाळू टिकते, हा त्यांचा विचार. १९७० साली त्यांनी आणि रॉबर्ट फेफर यांनी ‘पट्टी-गाळणी’ची कल्पना मांडली. खिडकीच्या झडपांसारख्या तिरक्या पट्ट्यांमध्ये वाळूची उभी भिंत धरून ठेवावयाची, वायू आडवा काढावयाचा, आणि राखेचा लेप बसला की उलट दिशेने हवेचा एकच झटका द्यावयाचा, म्हणजे वरची वाळू राखेसह गळून पडते आणि मागची वाळू पुढे सरकते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अशा हलत्या वाळूच्या गाळण्यांवर बरेच संशोधन झाले. परंतु हलणारी वाळू एकमेकींवर घासून स्वतःच धूळ करते, आणि पकडलेली राखही पुन्हा उडवते. स्थिर वाळूचा मोठा गुण तिच्या आळसात होता. तो काढून घेतल्यावर ती इतर गाळण्यांसारखीच कटकटीची झाली. वीजकेंद्रांत आजही मुख्यतः विजेच्या भाराची यंत्रे आणि कापडी पिशव्याच दिसतात.

आळशी वाळूलाही वय असतेच. हॅनफर्डच्या पाठोपाठ अमेरिकेच्याच दक्षिण कॅरोलायना राज्यातील सव्हाना रिव्हर येथे १९५० च्या दशकात अशाच मोठ्या गाळण्या बांधल्या गेल्या. १९६९ मध्ये त्यांचा काही भाग खचला. तपासात दिसून आले, की वाळू शाबूत होती. तिला तोलून धरणारे खालचे काँक्रीट आम्लाच्या वाफांनी पोखरले होते. १९७० च्या दशकात तेथे नव्या गाळण्या बांधाव्या लागल्या. जुन्या वाळूत वर्षानुवर्षांची धूळ साठलेली. मडक्यातील वाळू धुऊन उन्हात वाळवता येते. ही वाळू जागची हलवणे म्हणजे अडवलेली धूळ पुन्हा हवेत सोडण्याचा धोका पत्करणे होय.